कारंजं कोरडं, टँकर दारात

‘अंबरनाथला राहतोस? आणि हे काय, रोम?’ आमच्या सोसायटीचे फोटो पाहून ऑफिसमधले हमखास विचारतात. त्यांचा काय दोष? चार इमारतींच्या मधोमध आमचं ‘क्लासिकल’ अंगण आहे. पांढरे गोल खांब, कातरलेलं मेंदीचं कुंपण, घागर घेतलेली एक पुतळाबाई आणि तिच्या पायाशी कारंजं. ते दिवाळीत तीन दिवस उडतं. एरवी घागर कोरडी, आणि मार्च लागला की गेटवर टँकर.

मुळात खांबच हवे होते, तर रोमला कशाला जायचं? रिक्षेच्या अंतरावर वालधुनीकाठी इ.स. १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर उभं आहे. त्यातले कोरीव खांब बघून या, मग बोलू. पण असो, रोम तर रोम! निदान नक्कल तरी पुरती करा ना राव.

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पाँपेई बघा (नेटवर हो, तिकीट कुठलं परवडतंय!). खांबांची शोभेची बाग तिथे घराच्या मागच्या बाजूला असायची. पुढच्या चौकाला मात्र काम होतं. छप्पर आतल्या बाजूला उतरतं, मधोमध आभाळ मोकळं, त्याच्या बरोबर खाली फरशीत उथळ हौद. पावसाचं पाणी हौदात आणि तिथून जमिनीखालच्या टाकीत. आपल्या वाड्यांच्या चौकातही पागोळ्या अशाच पडायच्या. आमच्या बिल्डरनं खांब उचलले, हौद उचलला, टाकी तेवढी रोममध्येच ठेवली! त्यामुळे जुलैत चार गच्च्यांचं पाणी पाइपातून थेट गटारात जातं आणि मेमध्ये आपण मेंटेनन्ससोबत टँकरचे पैसे भरतो. घराचा ईएमआय वेगळाच.

रविवारी जनरल बॉडी आहे. अजेंड्यावर विषय एकच, कारंज्याला रंगीत एलईडी. गच्चीचे पाइप गाळणी लावून जमिनीखालच्या टाकीला जोडायचा माझा अर्ज ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकललाय. सेक्रेटरीकाकांना लॉन खणलं जाण्याची धास्ती. ज्या लॉनवर पोरांना पाय ठेवू देत नाहीत, तेच लॉन!

आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सही करता करता बजावलं, ‘टाकी भरली की आधी त्या बाईच्या घागरीत पाणी सोड रे. वर्षभर रिकामी घागर घेऊन उभी आहे बिचारी.’