दादाची चार बोटं

ग्रुपवर सगळे जुन्या लश्करच्या आठवणी लिहितात, वाचून फार बरं वाटतं. माझी आठवण मात्र जुनी नाही, गेल्या नोव्हेंबरातली आहे. विषयही तसा रुक्ष, मोबाइलचं इंटरनेट बंद पडणं. पण लिहितो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ही भानगड लपलेली असेल.

आधी दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आता एक्याऐंशीचा. 1966 साली नोकरीसाठी पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली ती बरीचशी परत आली, पण वाचा आली नाही. एकच शब्द उरलाय, "चल". पाणी हवं, चल. टीव्ही बंद करा, चल. वहिनी स्वरावरून ओळखतात कोणतं चल कशासाठी ते.

अशा माणसाशी साध्या फोनवर काय बोलणार? म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल. मी वरच्या गॅलरीत उभा राहतो आणि फोन किल्ल्याकडे धरतो. ऊन उतरताना किल्ल्याचा दगड पिवळा होतो, ते त्याला दाखवतो. तो डावा हात वर करतो. मग मी गावातल्या बातम्या सांगतो, कोण गेलं, कुणाकडे लग्न आहे, नई सडकेवर काय खोदलंय. वीस मिनिटं, अर्धा तास. त्याचा तेवढाच ग्वाल्हेर उरलाय.

पूर्वी हेच पुणं किती लांब होतं! ट्रंक कॉल बुक करून पोस्टात बाकड्यावर बसायचं, तीन मिनिटं झाली की मधे बाई बोलायची. मग एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर पाव व्हायचा म्हणून लोक जेवून रांगेत उभे राहायचे आणि काचेमागे रुपयांचे लाल आकडे पळताना बघत घाईघाईने बोलायचे. नाहीतर सरळ झेलम एक्स्प्रेस धरायची. त्या मानाने आता सगळं फुकटात आहे. म्हणूनच बंद पडलं की जास्त चीड येते.

10 नोव्हेंबर, सोमवार. गल्लीत खोदकाम चाललं होतं आणि दुपारी आमच्या घरच्या इंटरनेटची केबल तुटली. "चार-पाच दिन तो लगेंगे बाबूजी," असं तिथला माणूस म्हणाला. मी म्हटलं लागू देत, मोबाइलचा डेटा आहे की. रोजचा दीड जीबी मिळतो, घरी वाय-फाय असल्यामुळे तो कधी खर्चच होत नाही. सोमवारचा कॉल मोबाइल डेटावर छान झाला. वाय-फाय नाही म्हणून हिनेही माझ्याच फोनवर तासभर कीर्तन ऐकलं, चित्रासकट.

मंगळवारी पाचला कॉल लागला. दादाला किल्ला दाखवला, त्याने हात वर केला आणि चित्र तिथेच गोठलं. अर्धवट उचललेला हात, उघडं तोंड. मग कॉल तुटला.

पुन्हा लावला, लागेना. गोल फिरत राहिलं. साधा फोन केला तर खणखणीत लागला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, असू दे, उद्या करा. ते फोनकडे बघत बसलेत, मी सांगते त्यांना." मागून ऐकू आलं, चल... चल.

बुधवारी सकाळपासून मी फोनच्या मागे लागलो. मोबाइल डेटाचं बटण चालू होतं. फोन बंद करून पुन्हा चालू केला. विमानाचं चिन्ह दाबून दहा सेकंद थांबलो आणि काढलं, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने नातं जोडतो. रेंजच्या काड्या भरलेल्या होत्या. डेटा रोमिंगही बघितलं. हा धडा मी आग्र्याच्या वाटेवर शिकलो होतो. ग्वाल्हेर ते आग्रा जेमतेम 120 किलोमीटर, पण मुरैना मध्य प्रदेशात, धोलपूर राजस्थानात, आग्रा उत्तर प्रदेशात. दोन-अडीच तासांत फोनची तीन सर्कल्स बदलतात, आणि रोमिंगचं बटण बंद असेल तर चंबळ ओलांडली की काही हँडसेट इंटरनेट सोडून देतात. माझं बटण चालू होतं. तसंही मी घरीच बसलो होतो म्हणा.

मग कस्टमर केअर. नऊ दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी एक मुलगी बोलली, अगदी नम्रपणे. "सर, आपका डेटा बैलेंस पूरा है, नेटवर्क में कोई प्रॉब्लम नहीं दिख रहा." तिने एपीएन नावाची सेटिंग माझ्याकडून वाचून घेतली. हा एपीएन म्हणजे फोनने इंटरनेटसाठी कंपनीचं कोणतं दार ठोठवायचं त्याचा पत्ता. तोही बरोबर निघाला. मी तिच्यावर ओरडलो. खात्यात पैसे आहेत म्हणता आणि चेक वटत नाही, हा काय प्रकार आहे? ती बिचारी "जी सर, जी सर" करत राहिली.

गुरुवारी दौलतगंजच्या बाजूला एका मोबाइलवाल्याकडे गेलो. पोरगा विशीतला, एका हाताने चहा, एका हाताने माझा फोन. दोन मिनिटांत म्हणाला, "अंकल, नेटवर्क सेटिंग रीसेट मार देता हूँ." मी विचारलं, त्याने काय काय पुसलं जाईल? म्हणाला, वाय-फायचे पासवर्ड वगैरे. मी फोन काढून घेतला. मुलाने अमेरिकेतून येऊन बसवलेले पासवर्ड, पुन्हा कोण घालणार? आता वाटतं, त्याला करू दिलं असतं तर कदाचित तिथेच मिटलं असतं.

इथे एक कबुली देतो. शेजारच्या सूनबाईंचा फोन पाच वाजता दहा मिनिटांसाठी मागता आला असता. ती आनंदाने देती. हीसुद्धा म्हणाली, "अहो, मागा की." मी मागितला नाही. सदतीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर उभे राहून मागत होते, आपण कुणाकडे मागायची सवयच राहिली नाही. शिवाय आज होईल, उद्या होईल असं वाटत होतं. शुक्रवारी वहिनींना फोन केला तेव्हा त्यांनी सहज म्हणून सांगितलं की हे काल रात्री जेवले नाहीत. पाच वाजले की टॅबलेट मांडीवर घेऊन बसतात, काढून घेतला तर रागावतात. भावाला काहीतरी झालंय आणि मी लपवतेय, असं त्यांना वाटतंय बहुतेक.

शुक्रवारची रात्र मला झोप नाही. मी बोलतो ते त्याला ऐकू येत होतं ना? वहिनींनी फोन त्याच्या कानालाही लावला होता. पण आवाजावर त्याचा विश्वास बसत नव्हता. तोंड बघायचं होतं.

शनिवारी सकाळी ठरवलं, आता ताळेबंद जुळवतो तसं करायचं. ज्यांनी हाताने लेजर लिहिली आहेत त्यांना आठवत असेल. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आधी फरक बघायचा. नऊने भाग गेला तर आकडे उलटसुलट पडलेत, 54 चे 45 झालेत. फरकाचा अर्धा आकडा कुठे सापडला तर नावेची रक्कम जमेला गेली असेल. डोकं फोडत बसायचं नाही, एकेक बाजू मोकळी करत जायची.

शेवटी सूनबाईंचं दार वाजवलंच. फोन मागायला नव्हे, तपासणीला, असं स्वतःला समजावलं. माझं सिम तिच्या फोनमध्ये घातलं. झकास चाललं. म्हणजे सिम, कंपनी, टॉवर, सगळे निर्दोष. तर मग खराबी माझ्या फोनमध्ये. खात्रीसाठी तिचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं. तेही चाललं! माझं सिम परत माझ्या फोनमध्ये घातलं. बंद.

ती हसायला लागली. "अंकलजी, इन दोनों की आपस में नहीं बनती." मला मात्र हसू आलं नाही, कारण मला एकदम मुरैन्याची शाखा आठवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एक गल्ल्याचे व्यापारी काउंटरवर येऊन माझ्यावर चांगलेच कडाडले होते, खात्यात चाळीस हजार असून चेक परत का केला म्हणून. पार बापजाद्यांपर्यंत गेले. मी शांतपणे फाइल उघडली आणि त्यांच्याच सहीचा कागद समोर ठेवला, स्टॉप पेमेंट. चेकबुकाची दोन पानं हरवली म्हणून सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच दिलेला. पानं नंतर सापडली, वापरली, कागद विसरले. खातं बरोबर, चेक बरोबर, आणि तरी पैसे मिळेनात, कारण मधे मालकाचाच हुकूम.

सिम बरोबर, फोन बरोबर. मग या सिमसाठी या फोनला कुणीतरी हुकूम दिलेला असणार.

घरी आलो, भिंग घेतलं आणि सेटिंग्जमध्ये एकेक पान वाचत गेलो, काही न सोडता. नेटवर्क, मग सिम, मग डेटा वापर. तिथे एक आलेख होता. वापराचा निळा डोंगर चढत गेलेला आणि वर एक लाल रेघ. डोंगर रेघेला टेकून थांबलेला. रेघेवर लिहिलं होतं, 1 जीबी. खाली "सेट डेटा लिमिट" नावाचं बटण, चालू.

आणि ते मीच चालू केलं होतं. 2021 साली हा फोन आला त्या दिवशी, पहिलं काम म्हणून. कारण माझ्या डोक्यात जुना हिशेब बसलेला. 2016 च्या आधी महिन्याला 1 जीबी म्हणजे अडीचशे रुपयांच्या घरात. तो संपला की शिल्लक रुपये कधी उडायचे ते कळायचं नाही. त्या सप्टेंबरात जिओ आलं आणि भाव कोसळले, महिन्याचा डेटा लोक दिवसाला वापरू लागले. सगळ्या जगाने हिशेब बदलला, मी फोनमध्ये जुनीच रेघ मारून बसलो. चार वर्षं घरच्या वाय-फायमुळे त्या रेघेला कधी धक्का लागला नाही. केबल तुटली, त्यात सोमवारचं कीर्तन, दोन कॉल, आणि महिना संपायच्या आत फोनने इमानदारीने नळ बंद केला. ही मर्यादा त्या त्या सिमपुरती असते, म्हणून सूनबाईंचं सिम चाललं. ती फक्त इंटरनेट थांबवते, साधे कॉल नाही. कंपनीला बिचारीला याचा पत्ताच नसतो, तिच्या दप्तरी माझी शिल्लक पूर्ण.

फोनने मला कळवलंसुद्धा असणार. मोबाइल डेटा थांबवला आहे अशी सूचना येते म्हणे. पण दिवसभरात शंभर सूचना येतात, मी चष्मा न लावता बोटाने सरकवून टाकतो. बँकेत आलेली तार न वाचता टोपलीत टाकली असती तर मला नोकरीवर ठेवलं असतं का?

बटण बंद केलं. क्षणात वर 4जी चे बाण लुकलुकले आणि चार दिवसांचे गुड मॉर्निंग धडाधड कोसळले.

पाच वाजायला अजून दीड तास होता. थांबलो नाही, लगेच लावला. वहिनींनी उचलला आणि टॅबलेट त्याच्यासमोर धरला. दादाने बघितलं. मी किल्ल्याकडे फोन वळवायला लागलो तर "चल!" असा ओरडला, म्हणजे किल्ला नको. मी फोन पुन्हा तोंडासमोर धरला. तो बराच वेळ बघत राहिला. दाढी वाढली होती त्याची. मग डावा हात वर केला आणि अंगठा दुमडून चार बोटं दाखवली.

मी म्हटलं, "तीन रे दादा. बुध, गुरू, शुक्र." त्याने मान हलवली आणि चार बोटं तशीच धरून ठेवली. मंगळवारचा तुटलेलाही त्याने धरला होता. मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसला. लहानपणी जीवाजीगंजच्या घरात माझ्याशी कट्टी करायचा तसा. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, रुसलेत. उद्या येतील ताळ्यावर."

सोमवारी केबल जोडून गेले. पण माझ्या लक्षात आलं की दोन वर्षं आपण दादाला एकाच गॅलरीतून एकच किल्ला दाखवतोय, कारण वाय-फाय घराबाहेर येत नाही. फोनमध्ये दीड जीबी रोज मरत होता आणि मी रेघ मारून बसलो होतो. मंगळवारी साडेचारला रिक्षा केली आणि महाराज बाड्यावर उतरलो. पाचला कॉल लावला. पुतळा दाखवला, पोस्ट ऑफिस दाखवलं, व्हिक्टोरिया मार्केट दाखवलं. गर्दी, हॉर्न, हातगाड्या, काहीच नीट दिसत नसणार. पोस्टाच्या पायऱ्यांशी आलो तेव्हा त्याने टॅबलेट तोंडाजवळ ओढला, नुसतं कपाळ दिसायला लागलं. याच पायऱ्यांवर त्याने पुण्याला जायचा अर्ज टाकला होता. मी बरोबर होतो, पंधरा वर्षांचा. अर्ज पेटीत गेल्यावर त्याने मला सराफ्यात नेऊन जिलबी खाऊ घातली होती.

"चल," तो म्हणाला.

मी विचारलं, "सराफ्यात?"

"चल, चल."

फोन पुढे धरून मी सराफ्याकडे चालू लागलो.