उडी सारखी, पडणे निराळे

धर्मशिक्षणाच्या वर्गात एक दाखला हमखास दिला जातो. पिसू स्वतःच्या देहाच्या शंभरपट उंच उडते. माणसाला तिच्या प्रमाणात बळ असते, तर त्याने चर्चचा मनोरा सहज ओलांडला असता. म्हणून, माणसा, गर्व करू नकोस! धडा चांगला आहे, दाखला मात्र खोटा आहे.

याचा उलगडा तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला आहे. जोवान्नी आल्फोन्सो बोरेल्ली हा इटालियन गणिती उतारवयात निर्धन होऊन रोममध्ये पियारिस्ट धर्मगुरूंच्या मठात राहिला. तेथे तो गणित शिकवी. १६७९ च्या अखेरच्या दिवशी तो वारला. प्राण्यांच्या हालचालींवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १६८० व १६८१ साली दोन भागांत निघाला. सिंहासन सोडून कॅथोलिक झालेली स्वीडनची राणी क्रिस्तिना हिचा त्याला आश्रय होता. स्नायू, हाडे व सांधे यांचा विचार त्याने तरफेच्या नियमांनी केला.

उडीचा हिशेब असा. एक प्राणी दुसऱ्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद व दुप्पट उंच आहे असे धरा. त्याच्या स्नायूचा छेद चौपट, म्हणून जोर चौपट; स्नायू आखडतो ते अंतर दुप्पट; म्हणजे काम आठपट. परंतु वजनही आठपटच! तेव्हा दोघांचीही उडी जवळजवळ सारखीच उंच. पिसू फार तर वीत-दीड वीत उडते. धडधाकट तरुण जागच्या उडीत आपल्या देहाचा भार अर्ध्या मीटरच्या आसपास उचलतो. त्यातही पिसवेचे स्नायू त्या क्षणार्धाच्या उडीला पुरे पडत नाहीत. ती आपले बळ रबरासारख्या एका पदार्थात आधी साठवते आणि गलोल सोडावी तसे एकदम सोडते. ही योजना मला त्या मनोऱ्यापेक्षा अधिक विस्मयकारक वाटते.

पडण्याचे गणित मात्र लहानमोठ्यांना सारखे नाही. हवेचा अडथळा देहाच्या पृष्ठभागावर ठरतो, वजन घनफळावर. देह जितका लहान, तितकी हवा त्याला अधिक सावरते. माडाच्या शेंड्यावरून खार पडली तर बहुधा क्षणभर बावरून पळून जाते. त्याच माडावरून पडलेल्या माणसाकडे मी रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन गेलो आहे. झाड तेच, उंची तीच.

एवढ्या उंचीचीही गरज नसते. मिस्सा चालू असताना बाकांमधून धावणारे दोन वर्षांचे मूल दहादा पडते व दहादा उठते. त्याची उंची मोठ्या माणसाच्या सुमारे निम्मी, वजन पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढे. आपटण्याची ऊर्जा दहाव्या भागाच्या आसपास भरते. त्याची आजी ख्रिस्तप्रसाद घेऊन परतताना एकदाच पडते आणि खुब्याचे हाड मोडते. वयाने हाडे ठिसूळ झालेली असतात हे खरेच. पण उंची आणि वजनही तिच्या विरोधात असतात. मग तिच्या घरी दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद नेताना मला तिच्या तोंडून ऐकावे लागते, “फादर, देवळात यायचं राहूनच गेलं.” काही आज्या पुन्हा कधीच आल्या नाहीत.

यंदा पावसाळ्यापूर्वी आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे दोन प्रस्ताव होते. वेदीपुढे गुळगुळीत संगमरवर, आणि बाहेरच्या पायऱ्यांना खडबडीत दगड व दोन्ही बाजूंनी कठडा. संगमरवराला देणगीदार लगेच मिळाला. कठड्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही, त्यामुळे असेल कदाचित, पण त्याला कोणी पुढे आले नाही. मी बैठकीत हेच मूल आणि हीच आजी सांगितली, फळ्यावर आकडे मांडले. कठडा आधी बसवायचे ठरले. देणगीदाराची समजूत घालणे अजून चालू आहे.