वितळत्या बर्फात एका दिवसात किती डोंगर

न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये कागदावरचा हिवाळा २० मार्चच्या सुमारास संपतो. डोंगरातला मात्र मेच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबच्या यादीत चार हजार फुटांवरची ४८ शिखरे आहेत. त्यांतले एखादे 'हिवाळ्यात' केल्याची नोंद हवी असेल, तर वसंतसंपाताचा क्षण येण्याआधी माणूस खाली उतरलेला असावा लागतो. त्या क्षणानंतरची चढाई साध्या खात्यात जमा होते. प्रत्यक्षात जंगलातला बर्फ मार्चच्या अखेरीस वर्षातला सर्वांत खोल असू शकतो, आणि त्यानंतरचे सहा-सात आठवडे पायी चालणाऱ्यासाठी ऐन हिवाळ्याहून अवघड असतात. जानेवारीतला बर्फ थंड आणि टणक असतो. एप्रिलमधला सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच.

नेमका याच काळात बॉस्टनमध्ये उन्हाळ्याचा भास होतो. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मॅसॅच्युसेट्समध्ये पेट्रियट्स डेची सुट्टी असते, शाळांना आठवडाभर सुट्टी मिळते, अंगणात फोर्सिथियाची पिवळी फुले आलेली असतात आणि अंगावरचे जाड कोट उतरलेले असतात. उत्तरेला दोन-अडीच तास गाडी चालवली की फ्रँकोनिया खिंड येते. मग तीन, चार, जमल्यास पाच शिखरे एका दिवसात, असा बेत ठरतो. उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरवते. लाफायेट शिखर १,६०० मीटर आहे, कळसूबाईपेक्षा जेमतेम ४६ मीटर कमी. शहरात अठरा अंश असताना तिथे आठ अंश असतील, आणि वारा असेल तर अंगाला ते शून्याजवळ भासतील.

पुण्या-मुंबईकडून आलेल्या भटक्यांना 'एका दिवसात अनेक डोंगर' म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो के टू एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ रात्री सुरुवात करायची, विजेरीच्या उजेडात टेकडीमागून टेकडी चढायची-उतरायची, मुरमाच्या घसाऱ्यावर बूड टेकत खाली यायचे आणि उजाडता उजाडता सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचे. टेकड्या तेरा की सोळा, हा वाद प्रत्येक गटात होतो, आणि जो जास्त आकडा सांगतो त्याला थोडा जास्त मान मिळतो. त्या वाटेवर आकड्याला अर्थही आहे. टेकडीचा माथा आणि दोन टेकड्यांमधली खिंड यांत जमीन बदलत नाही: तोच मुरूम, तेच वाळके गवत, तेच दगड. आठवी टेकडी अवघड वाटते ती पाय थकले म्हणून. शिवाय वाटेत पाणी नसते, त्यामुळे पाठीवरचे पाणी किती उरले यावर सगळा हिशेब चालतो. ही पद्धत घेऊन लोक न्यू हॅम्पशायरला येतात आणि शिखरे मोजू लागतात. इथे वसंतात माथा आणि खिंड हे दोन वेगळे ऋतू असतात, आणि पाणी हवे त्याहून फार जास्त असते. के टू एसमधली दुसरी गोष्ट मात्र जशीच्या तशी उपयोगाची आहे, आणि नेमकी तीच विसरली जाते: ती वाट रात्री चालतात, कारण दिवसा ऊन असह्य असते. म्हणजे वेळ निवडणे हाच तिथल्या शहाणपणाचा गाभा आहे. वितळत्या बर्फातही तोच आहे.

उंचीप्रमाणे डोंगराचे तीन पट्टे पडतात. खाली बीच, बर्च आणि मेपल यांचे पानगळीचे जंगल. एप्रिलमध्ये तिथे पाने नसतात, ऊन थेट जमिनीवर पडते, बर्फ लवकर जातो आणि मागे चिखल ठेवतो. त्याच्यावर स्प्रूस आणि फरची दाट, सदाहरित झाडी. ऊन खाली पोहोचत नाही, हिवाळाभर उडून आलेला बर्फ इथेच साचलेला असतो आणि तो मेच्या मध्यापर्यंत, कुठे कुठे त्याहूनही पुढे टिकतो. सुमारे ४,४०० फुटांवर झाडी संपते. वरच्या उघड्या धारेवर हिवाळ्यातही बर्फ ठरत नाही, कारण वारा तो खाली झाडीत नेऊन टाकतो. वॉशिंग्टन शिखरावरच्या वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैलांचा झोत मोजला होता. ती तारीख वसंतातलीच आहे. थोडक्यात, एप्रिलअखेर धारेवरून चालणे बरेचसे उन्हाळ्यासारखे असते, आणि धार सोडून झाडीच्या खिंडीत उतरावे लागले की पुन्हा हिवाळा सुरू होतो. किती शिखरे जोडायची यापेक्षा मधल्या किती खिंडी झाडीत बुडालेल्या आहेत, हे आधी नकाशावर पाहावे.

त्या झाडीतली पायवाट ओळखायला सोपी असते. हिवाळाभर माणसांनी तुडवून घट्ट केलेला मधला पट्टा बाजूच्या मोकळ्या बर्फापेक्षा उशिरा वितळतो, म्हणून शेवटी तो दोन्ही बाजूंनी खचलेल्या उंचवट्यासारखा उभा राहतो. इथले लोक त्याला मोनोरेल म्हणतात. रुंदी पावलाएवढी, माथा गोल, सकाळी काचेसारखा निसरडा. तोल गेला की पाय बाजूच्या भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत जातो. छोट्या फरच्या भोवती तर बर्फाखाली पोकळी असते, आणि तिथे पडलेल्या माणसाला पाठीवरच्या पिशवीसकट बाहेर काढायला बराच वेळ लागतो.

बर्फ असा का वागतो, हे उष्णतेच्या हिशेबावरून कळते. एक ग्रॅम बर्फ एका अंशाने तापवायला अर्धी कॅलरी लागते. शून्य अंशाला आलेला तोच ग्रॅम वितळवायला ८० कॅलरी लागतात. त्यामुळे वसंतातल्या काही उबदार दिवसांत सगळा थर वरपासून खालपर्यंत शून्य अंशावर येतो, पण नाहीसा होत नाही. तिथेच आठवडेच्या आठवडे अडून राहतो. कणांच्या मधल्या जागा पाण्याने भरतात, त्यांचे एकमेकांशी असलेले जोड सुटतात आणि वजन पेलण्याची ताकद जाते. रात्री गोठले की ते पाणी कणांना पुन्हा बांधते आणि पहाटे त्याच थरावरून जड बूट घालूनही वरच्यावर चालता येते. मेपलच्या झाडांतून रस वाहण्यासाठीही असेच चक्र लागते, गोठणारी रात्र आणि शून्याच्या वर जाणारा दिवस. म्हणून पायथ्याच्या शेतांवर साखरेची भट्टी पेटलेली असते, तेव्हा सकाळचा बर्फ भरवशाचा असतो. वरच्या पट्ट्यात हे चक्र काही आठवडे उशिरा येते. रात्र गोठलीच नाही, तर पहाटे चारला निघूनही उपयोग नाही, आणि अशा दिवशी घरी राहावे हेच योग्य.

पावसाने बर्फ धुऊन जातो, हा समजही इथे सोडावा लागतो. दहा अंशांचा दहा मिलिमीटर पाऊस जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवतो. खरे काम दमट, उबदार वारा करतो: हवेतली वाफ बर्फावर पाणी होऊन बसते तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी सोडते, म्हणजे सात ग्रॅमहून अधिक बर्फ वितळेल एवढी उष्णता. झाडीत दिवसरात्र धुके आणि कोमट वारा असेल, तर तो बेत रद्द करण्याचा दिवस.

सह्याद्रीतला ओढा पाऊस पडला की चढतो आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतो. इथला ओढा निरभ्र दिवशी चढतो. पहाटे तो सर्वांत खाली असतो, दुपारनंतर वाढत जातो आणि मोठ्या ओढ्यांत वरचे पाणी संध्याकाळी उशिरा पोहोचते. सकाळी दगडांवरून कोरडा ओलांडलेला प्रवाह परतताना गुडघ्याच्या वर असू शकतो, आणि नेमके तेव्हाच पाय थकलेले असतात. एका दिवसात अनेक शिखरे करणाऱ्याला हा धोका जास्त, कारण तो उशिरा परततो. आउल्स हेड या एकट्या शिखराची वाट याचसाठी बदनाम आहे. ओढ्यावर उरलेल्या बर्फाच्या पुलावर पाय ठेवू नये. खालून पाण्याने तो कधीच पोखरलेला असतो. पाणी ओलांडताना पिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा, बूट घालूनच उतरावे, आणि पाणी गढूळ व मांडीला लागणारे असेल तर परत फिरावे.

बुटांविषयी इथे थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या ऋतूत सर्वाधिक हाल पायांचेच होतात. सह्याद्रीत श्रावणात दिवसभर ओल्या बुटांनी चालणे ही मजा असते. दोन अंश तापमानात तीच ओल माणसाचे भान घालवते. पाणी न शिरणाऱ्या अस्तराचे बूट घेतले की प्रश्न मिटला, असे दुकानात सांगितले जाते. ते अस्तर खालून येणारे पाणी अडवते. वरून घोट्याजवळून शिरलेले पाणी मात्र तितक्याच निष्ठेने आत धरून ठेवते. म्हणून पोटरीपर्यंत गेटर्स हवेतच. मोजे लोकरीचे, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले किमान दोन जोड. सुती पँट, सुती बनियन, जीन्स, यांतले काही नको. पहाटेच्या टणक बर्फासाठी बुटावर ओढून बसवायचे मायक्रोस्पाइक्स पुरतात. धारेवर उघडा खडक लागला की ते काढावेत, म्हणजे खडकही ओरखडत नाही आणि दातेही बोथट होत नाहीत. स्नोशूज पाठीवर नेणे लोकांना जड जाते, कारण सकाळी त्यांची गरज दिसत नाही. त्यांची गरज दुपारी लागते. बूट बर्फात घोट्याच्या वर जायला लागला की लगेच ते चढवावेत. मांडीपर्यंत रुतत चाललेला माणूस तासाला एक मैलही जात नाही, आणि मागे सोडलेले खड्डे रात्री गोठून दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा मोडू शकतात. वाट बिघडवणे हा इथे खरा दोष मानला जातो, आणि तसा मानला जावा हेच बरोबर आहे.

फ्रँकोनिया धारेवर लाफायेट, लिंकन, लिबर्टी आणि फ्लूम ही चार शिखरे ओळीने आहेत. लिटल हेस्टॅक हा मधला माथा ४,७६० फूट असूनही यादीत धरत नाहीत, कारण शेजारच्या खिंडीपासून तो किमान २०० फूट वर उठत नाही. उन्हाळ्यात फॉलिंग वॉटर्सच्या वाटेने चढून ओल्ड ब्राइडल पाथने उतरण्याचा फेरा सर्वांना प्रिय आहे. वसंतात फॉलिंग वॉटर्स टाळावी: ती वाट धबधब्यांच्या कडेने जाते आणि ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. ओल्ड ब्राइडल पाथने वर जाऊन लाफायेट आणि लिंकन करावे आणि त्याच वाटेने उतरावे. सुमारे सोळा किलोमीटर होतात, आणि दोन्ही शिखरांमधली धार वाऱ्याने मोकळी केलेली असते. लिटल हेस्टॅकच्या पलीकडे वाट झाडीत शिरते. लिबर्टी आणि फ्लूम आणखी चारच मैलांवर आहेत असे वाटते. तिथेच दुपार होते.

क्रॉफर्ड खिंडीतून निघणारा क्रॉफर्ड पाथ १८१९ चा, अमेरिकेतल्या सतत वापरात असलेल्या सर्वांत जुन्या डोंगरवाटांपैकी एक. त्यावरून पिअर्स आणि आयझेनहॉवर ही जोडी पहाटे निघाल्यास उत्तम होते. वारा नसेल आणि बर्फ टणक राहिला असेल, तर मन्रोपर्यंत जाता येते. मन्रोच्या पलीकडच्या सपाटीवर रॉबिन्स सिंकफॉइल ही इवलीशी पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. जगात ती या डोंगरांखेरीज कुठे नाही, आणि पायवाट तिच्यापासून दूर हलवल्यानंतर ती सावरली. २००२ मध्ये तिचे नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढले गेले. बर्फ वितळताना माती ओली आणि मुळे उघडी असतात, म्हणून धारेवर पाय खडकावर किंवा बर्फावरच पडावा. मॅडिसनपासून जॅक्सनपर्यंतची, वीसहून अधिक मैलांची प्रेसिडेन्शियल धार एका दिवसात करण्याची इच्छा प्रत्येकाला होते. ती जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी ठेवावी. तेव्हा दिवस पंधरा तासांहून मोठा असतो; एप्रिलअखेर तो चौदा तासांचा असतो आणि त्यातले चालण्याजोगे तास बर्फामुळे निम्मे होतात.

जंगल खात्याचे अनेक कच्चे रस्ते वसंतात फाटक लावून बंद असतात, झीलंडचा रस्ता त्यांपैकीच, आणि त्यामुळे जाता-येता काही मैलांची भर पडते. शेजारच्या व्हरमाँटमध्ये तर ग्रीन माउंटन क्लब मेच्या शेवटच्या सोमवारपर्यंत, म्हणजे मेमोरियल डेपर्यंत, उंचावरच्या चिखलाच्या वाटा टाळण्याची विनंती करतो. ती पाळावी. चिखल लागलाच तर त्याच्या मधून चालावे. कडेने गेल्यास वाट रुंदावते.

न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणाने अडकलेल्या माणसाकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा अधिकार राज्याला आहे. २०१५ पासून मिळणारे हाइक सेफ कार्ड एका माणसाला २५ डॉलर आणि कुटुंबाला ३५ डॉलरमध्ये येते, आणि साध्या निष्काळजीपणापुरते त्या वसुलीपासून वाचवते. ते घ्यावे, कारण तो पैसा शोध आणि सुटकेच्या कामाला जातो. पहाटे गाडीतून उतरताना मात्र सोबतच्यांशी शिखरांच्या संख्येवर नव्हे, तर परतीच्या वेळेवर बोलावे, आणि ती वेळ दुपारी एकच्या पुढे जाऊ देऊ नये.