चित्रात माणसं का नाहीत?

अल्बर्ट बीअरस्टाट या अमेरिकन चित्रकाराने १८६५ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याचं एक निसर्गचित्र रंगवलं. चित्र सुमारे आठ फूट रुंद आहे. उजवीकडे एल कॅपिटनचा सरळसोट कडा, मधून संथ नदी, आणि समोरून अख्ख्या खोऱ्यात भरून राहिलेला सोनेरी उजेड. माणूस एकही नाही.

सातवीच्या वर्गात मी ते प्रोजेक्टरवर दाखवलं. नेहमी गडबड करणारी मुलंही क्षणभर गप्प झाली. मग एकीने विचारलं, "बाई, इथे कोणीच राहत नाही का?"

राहत होते ना! त्या खोऱ्यात अवाहनीची लोकांच्या वस्त्या होत्या. ओकची फळं कुटून-दळून ते खात. झाडोरा माजू नये म्हणून ठराविक काळाने गवत जाळत. चित्रात दिसणारी मोकळी कुरणं अशी त्यांनी राखलेली होती. १८५१ मध्ये एका सशस्त्र तुकडीने त्यांची घरं आणि अन्नाचा साठा जाळून त्यांना तिथून हुसकावलं. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, बीअरस्टाट तिथे गेला. तोवर काही जण परतलेही होते, पण या चित्रात ते आले नाहीत.

"म्हणजे चित्र खोटंच की!" मागच्या बाकावरून आवाज आला. मी म्हटलं, खोटं म्हणू नकोस. तो उजेड, तो कडा पाहून आपण गप्प झालो, ते खरंच होतं. अशा चित्रांमुळे दूरच्या शहरांतल्या लोकांना त्या डोंगरांची ओढ लागली. पण 'माणसाचा हात न लागलेलं रान' हीही एक निवड असते. काय दाखवायचं नि काय गाळायचं, हे चित्रकार ठरवतो.

पालकांनो, शिक्षकांनो, कॅलेंडरवरचं किंवा पुस्तकातलं निसर्गचित्र मुलांसोबत पाहताना रंग आणि उजेड आधी मनसोक्त पाहू द्या. सौंदर्याचा आनंद हिरावून घ्यायचा नाही. मग दोनच प्रश्न विचारा : इथे कोण राहत असेल? ही जागा कोणी राखली असेल? उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालेल. शोधायला नकाशा आणि इतिहासाचं पुस्तक आहेच.