प्रोसेस चालू आहे, पण प्रत होतेय का?

जोयड्यात बसून सर्व्हर सांभाळायचा तर कमांड लाईनशिवाय गत्यंतर नाही. काम सुरू केलं तेव्हा देखरेखीसाठी एक रंगीत पॅनेल मिळालं होतं. बेळगावच्या ऑफिसात ते क्षणात उघडायचं. इथं जंगलाला टेकलेल्या घरात, जुलैच्या झडीत, ते अर्धं येऊन फिरत राहायचं. एसएसएच मात्र चालायचं. चार ओळींचा मजकूर मोबाईलच्या एका कांडीवरही येऊन पोचतो. त्यामुळे मला काळ्या पडद्याची सवय करून घ्यावी लागली, आणि आता तोच मला जवळचा वाटतो.

माझ्याकडे आलेली जबाबदारी ऐकायला सोपी होती. एका पतसंस्थेचा हिशेब दोन मशीनवर एकाच वेळी लिहिला जातो. पहिल्या मशीनच्या डिस्कवर जे उमटेल ते लगेच दुसऱ्या डिस्कवर उमटतं. हे काम डीआरबीडी करतं. फिलिप राइस्नर यांनी व्हिएन्नात ते सुरू केलं आणि 2010 साली ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, 2.6.33 या आवृत्तीत, आलं. आमच्याकडे ते ‘प्रोटोकॉल सी’वर लावलं आहे. म्हणजे संपर्क असेपर्यंत दोन्ही डिस्कांवर लिहून झाल्याशिवाय ‘लिहिलं’ असं उत्तर वरच्या प्रोग्रॅमला मिळतच नाही. रात्री ही नक्कल नीट चाललीय ना, एवढंच मला बघायचं होतं.

मी बघायला गेले प्रोसेस. ‘पीएस’ कमांड दिली, त्यातून ‘ग्रेप’ने डीआरबीडीच्या ओळी वेगळ्या काढल्या. नावं चौकोनी कंसात आली. कुठे डब्ल्यू, कुठे आर, आणि शेवटी आमच्या रिसोर्सचं नाव. कंस का, ते कळेना. टीममधल्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, “ते कर्नलचे धागे गं. डब्ल्यू म्हणजे वर्कर, आर म्हणजे रिसीव्हर. आपण चालू केलेले प्रोग्रॅम नव्हेत ते, त्यांना किल करूनही काही होत नाही. आणि ते दिसले म्हणून निर्धास्त होऊ नकोस.”

हे शेवटचं वाक्य मला फार उशिरा उमगलं. धागा दिसतोय म्हणजे काम होतंय, असंच कोणालाही वाटेल. पण दुसऱ्या मशीनशी संपर्क तुटला तरी रिसीव्हर धागा जिवंतच असतो. तो पुन्हा पुन्हा हाक मारत बसलेला असतो, आणि प्रोसेसच्या यादीत तेव्हाही तसाच दिसतो.

मग खरी स्थिती बघायची कुठे? इंटरनेटवरचे बहुतेक जुने लेख ‘प्रॉक’ फोल्डरमधली डीआरबीडीची फाईल उघडायला सांगतात. मी उघडली, तर आत फक्त आवृत्तीची माहिती! लेखांत दाखवलेले आकडे, अक्षरं, काहीच नाही. ते सगळं आठव्या पिढीतलं होतं. नवव्या आवृत्तीपासून ही माहिती त्या फाईलमधून गेली आणि ‘डीआरबीडीअॅडम स्टेटस’ या कमांडकडे आली. एवढी साधी गोष्ट शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. नव्या माणसाला त्या लेखांवर पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहिलेली मिळाली तर किती बरं होईल.

त्या कमांडचं उत्तर चार ओळींचं असतं. आपल्या मशीनचा रोल: प्रायमरी. डिस्क: अपटूडेट. खाली दुसऱ्या मशीनचं नाव आणि रोल: सेकंडरी. त्याखाली पीअर-डिस्क: अपटूडेट. सगळं आलबेल असताना संपर्काबद्दल एक अक्षरही छापलं जात नाही. बिघडलं की तेवढाच शब्द उगवतो.

तो मी पहिल्यांदा पाहिला त्या रात्री बेळगावच्या सर्व्हर रूममध्ये नेटवर्कचा स्विच बदलत होते. दुसऱ्या मशीनच्या नावापुढे ‘कनेक्शन: कनेक्टिंग’ असं आलं. पतसंस्थेच्या नोंदी पहिल्या मशीनवर पडतच होत्या. दुसऱ्याला त्यांचा पत्ता नव्हता. माझे हातपाय गार पडले. दादा मात्र शांत होते. “बिटमॅप आहे ना,” म्हणाले. डिस्कचा प्रत्येक 4 किलोबाइटचा तुकडा, त्याला एक बिट. संपर्क नसताना जो तुकडा बदलेल त्याच्या बिटवर खूण होते, दुकानदार उधारीच्या वहीत फुली मारतो तशी. 1 टेराबाइटच्या डिस्कची ही वही जेमतेम 32 मेगाबाइटची. संपर्क आला की अख्खी डिस्क पुन्हा पाठवावी लागत नाही, फुल्या असलेले तुकडे तेवढे जातात.

स्विच बसला. पडद्यावर ‘सिंकसोर्स’ आलं, दुसऱ्या डिस्कपुढे ‘इनकन्सिस्टंट’ आणि ‘डन’पुढे टक्के चढायला लागले. या मधल्या वेळाची मला खरी भीती वाटते. दुसरी डिस्क धड जुनीही नसते, धड नवीही नसते. तेव्हाच पहिली बंद पडली तर अर्धवट प्रतीवर पतसंस्था चालणार नाही. टक्के चाळिशीत असताना आमच्याकडे लाईट गेली, राऊटर बंद, एसएसएच तुटलं. मला वाटलं, माझ्याबरोबर सिंकही मेलं. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून परत आत शिरले तर आकडा नव्वदीपुढे! काम कर्नल करत होता, तिकडे बेळगावात. मी नुसती बघणारी होते.

दुसऱ्या दिवशी मी दादांना विचारलं, “दोन्ही मशीन एकाच खोलीत कशी?” हा प्रश्न सुचायला आमचा तालुकाच कारण आहे. 1987 साली पूर्ण झालेल्या 101 मीटर उंच सुपा धरणाच्या पाण्यात जुनं सुपा गाव गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, कितीतरी कुटुंबं रामनगरला जाऊन बसली. एका ठिकाणी असलेलं सगळं एकदम जाऊ शकतं, हे इथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. दादा म्हणाले, “बरोबर विचारलंस. ही नक्कल एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून. आग लागली तर उपयोग नाही. आणि कोणी चुकून फाईल पुसली तर दुसरीकडचीही त्याच क्षणी पुसली जाते. बॅकअप निराळा, तो दुसऱ्या गावात.” त्याच आठवड्यात मी तो बॅकअप एका रिकाम्या मशीनवर उघडून बघायची परवानगी मागितली, आणि मिळाली.

दोन्हीकडे अपटूडेट दिसणं हासुद्धा डीआरबीडीचा स्वतःचा समज असतो. डिस्कने गुपचूप काही बिघडवलं तर तो शब्द बदलत नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय’ आहे. ते दोन्ही डिस्का तुकड्यातुकड्याने वाचून ताळा घेतं आणि न जुळणारे तुकडे लॉगमध्ये मोजून सांगतं. सांगतं फक्त, दुरुस्त आपोआप होत नाही. ते तुकडे नव्याने पाठवायला वेगळं सांगावं लागतं. आम्ही आता हा ताळा दर रविवारी मध्यरात्रीनंतर क्रॉनमध्ये लावला आहे. सोमवारी सकाळी लॉग वाचायचं काम मी मागून घेतलं आहे.