मोलमपल्लीचे घर

चंद्रपूरला गेलेला पाहुणा अंचलेश्वर आणि महाकालीचे दर्शन घेतो, किल्ल्याचा तट पाहतो आणि कोणी जाणता सोबत असला तर तुरुंगातल्या पिंपळापाशीही जातो. 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबूराव शेडमाके यांना येथे फाशी दिले. वय अवघे 25.

पिंपळापाशी उभा असताना मनात आले, या माणसाच्या मरणाची जागा सारे दाखवतात. पण हा जेवायला बसे, ते घर कुठे असेल? ठरवले, मोलमपल्लीला जायचे.

मूलवरून निघून वैनगंगा ओलांडली. चामोर्शी मागे पडली आणि घोटच्या पुढे सागाचे रान अंगावर आले. दिवाळीचे दिवस; बांध्यांतला धान पिवळा झालेला.

1853 मध्ये नागपूरचे रघुजी भोसले निवर्तले. पुढल्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि चांद्याच्या रानातल्या जमीनदारांवरही त्यांचा अंमल बसला. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदाराने 1858 च्या मार्चमध्ये राजगड परगणा घेतला. आडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याला मिळाले. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तारखात्याच्या तळावर छापा पडला; गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांना हाताशी धरले. त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिले. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण 1860 मध्ये सापडले. आडपल्ली-घोटची 67 गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. पकडणारे आणि पकडले गेलेले, दोघेही याच मातीतले. हा सल अजून बोचतो.

गावाजवळ एक म्हातारे शेतकरी बांधावर बसले होते. राम राम करून विचारले, "बाबाजी, शेडमाक्यांचं घर कुठं होतं?"

त्यांनी हातातला विळा खाली ठेवला. "मातीचं घर राह्यते का भाऊ? कवेलू उतरवले का दोन पावसाळ्यांत भित बसते. खांब लोकं घेऊन जाते. मंग नांगर फिरते." थोडे थांबून ते म्हणाले, "नाव मात्र पोरासोराले ठाऊक हाये."

त्यांनी हाताने दाखवले तिकडे पाहिले. मला दिसला तो धानच.

परतताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हसूही आले. बाबूरावांच्या घराला राखण करायला कोणी उरले नाही. पिंपळाला मात्र सरकारनेच दगडी भिंत घातली, वर शिपाई पहाऱ्याला ठेवला. ज्यांनी त्यांना संपवले, त्यांच्याच तुरुंगाने त्यांची खूण सांभाळली. 12 मार्च 2009 रोजी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले, तेही सरकारनेच.

चंद्रपूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. एक पणती घेऊन तुरुंगाच्या भिंतीबाहेर लावली. मोलमपल्लीला लावायला उंबरठा सापडला नव्हता.