चार पंजांएवढी जागा

कोलशेतला आमचे टायरचे दुकान आहे असे सांगितले, की कॉलेजातल्या मैत्रिणी क्षणभर गप्प होतात. मग एखादी धीर करून विचारते, "म्हणजे पंक्चर काढता?" काढतो ना! पंक्चर काढतो, हवा भरतो, अलाइनमेंट करतो, बॅलन्सिंग करतो. आणि मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. करणारी मी संध्याकाळी गल्ल्यावर बसून वही लिहिते. त्या वहीत अलंकार नाहीत, वृत्ते नाहीत. "पुढचे दोन, २३५/४५, १८, मागचे दोन, २६५/४५, १८" अशा ओळी आहेत. पण बाबा म्हणतात, या ओळीचाही अर्थ लावता आला पाहिजे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा त्या रुंदीच्या मानाने बाजूची भिंत किती उंच, त्याचा. ४५ म्हणजे शेकडा ४५. शेवटचा डिस्कचा, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदतात. आमच्या छंदशास्त्राच्या सरांना हे मुळीच खपणार नाही.

आजोबांनी दुकान काढले तेव्हा कोलशेत रोडवर दोनच प्रकारचे गिऱ्हाईक होते. खाडीतून रेती भरून निघालेले ट्रक आणि कारखान्यांचे टँकर. सँडोझ (१९९५ नंतर ती क्लॅरिअंट झाली) हे नाव तेव्हा गावात शेजाऱ्याच्या नावासारखे घेतले जाई. ट्रकवाले नवा टायर घ्यायला नाखूश. रिमोल्ड करून करून टायरला जितके आयुष्य देता येईल तितके द्यायचे. कारखाना गेला, रेतीचे ट्रक विरळ झाले आणि जिथे चिमण्या होत्या तिथे टॉवर आले. गाड्या बदलल्या, तशा दुकानातल्या चर्चाही बदलल्या. तरी गेल्या जूनमध्ये जी चर्चा झाली तशी आजोबांनी स्वप्नातही ऐकली नसेल.

त्या चर्चेचा नायक माझा चुलतभाऊ. काकांची उरलेली शेवटची जमीन विकली गेली, तिच्या पैशातून एक फ्लॅट झाला, काही रक्कम बँकेत पडली, आणि दादाने एक सेकंडहँड पोर्शे केमन आणली. दोन माणसांपुरती गाडी, आणि इंजिन त्या दोन माणसांच्या पाठीशी! गावात ती पहिल्यांदा आली तेव्हा गतिरोधकावरून तिला तिरकी करून कशीबशी पलीकडे नेली. पोरे टाळ्या वाजवत होती. कोणी नावे ठेवली, कोणी कौतुक केले. मी दोन्हीत नव्हते. मला एवढेच दिसत होते, की शाळेपासून कशातच मन न लागलेला माझा दादा या गाडीबद्दल बोलताना चार पूर्ण वाक्ये सलग बोलतो.

त्याला जुलैमध्ये कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जायचे होते. सुमारे दोन किलोमीटरचा ट्रॅक, २००३ साली सुरू झालेला; ज्यांनी मारुतीच्या इंजिनावर शर्यतीच्या छोट्या गाड्या घडवल्या त्या करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे. तिथे पैसे भरून आपली गाडी दिवसभर पळवता येते. पण इथून कोइमतूर हजार किलोमीटरच्या पलीकडे. गाडी ट्रकवर चढवून न्यायची तर भाडे परवडत नाही, म्हणून दादा ती चालवतच नेणार, दिवसभर ट्रॅकवर पिळणार आणि चालवतच परत आणणार. हे सगळे एकाच टायरांवर!

त्याचा टायर आधीच ठरला होता. सेमी-स्लिक. म्हणजे जवळजवळ शर्यतीचाच, कायद्यापुरती नक्षी ठेवून रस्त्यावर येऊ दिलेला. मी त्याचा फोटो पाहिला. आमच्या दुकानात असा टायर कोणी आणला तर आमचा पोऱ्या "घोटून आणलाय" म्हणून हसेल. बाबांची निवड वेगळी. तोही स्पोर्ट टायरच, पण खोल उभ्या खाचांचा. (कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, वार्षिकाच्या जाहिरात विभागाचे दर वेगळे आहेत.)

दोघांच्या वादात एक आकडा पुन:पुन्हा येई. टायरच्या भिंतीवर झिजेचा एक अंक कोरलेला असतो. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमध्ये सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर टायर फिरवतात आणि १०० गुणांच्या नमुन्याशी त्याची झीज ताडून पाहतात. बाबांच्या टायरवर ३००, दादाच्या टायरवर १८०. गंमत अशी, की परीक्षा टायर बनवणाऱ्यांनीच घ्यायची आणि गुणही त्यांनीच द्यायचे! आमच्या विद्यापीठाने ही सोय केली असती तर किती बरे झाले असते. त्यामुळे दोन कंपन्यांचे अंक एकमेकांशेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नाही. पण एकाच कंपनीच्या दोन टायरांत ते खरे बोलतात. अंक जितका लहान, तितके रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी.

"काका, ट्रॅकवर त्या टायरने फेरीला दोन-तीन सेकंद वाचतात," दादा म्हणाला.

"वाचतील. रबर तापल्यावर. घोडबंदर रोडला तापेल का ते?"

हे मला नवीन होते. मला वाटायचे, पकड ही खाचांमुळे येते. बाबांनी समजावले ते उलटेच. कोरड्या रस्त्यावर खाच म्हणजे वाया गेलेली जागा. पकडते ते रबर. ते रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते, दबते, ताणले जाते आणि त्या खटाटोपात तापते. शर्यतीचे रबर भरपूर तापल्यावरच चिकट होते. थंड असताना ते हट्टी मुलासारखे अंग ताठ करून बसते. खाचा लागतात त्या पाण्यासाठी. गाडी चौदाशे किलोची असो, जमिनीला ती टेकते फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जागा हाताच्या पंजाएवढी. पंजाखालचे पाणी बाजूला सारायला वाट मिळाली नाही, की टायर पाण्यावर चढतो. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडीला काही ऐकू जात नाही. १९६३ साली नासाच्या हॉर्न नावाच्या संशोधकाने विमानांच्या चाकांवरून याचे एक ढोबळ गणित मांडले. हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला दहाहून थोड्या अधिकाने गुणायचे, उत्तर मैलांत. तीस पौंड हवेला ते येते ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. खाचा पाण्याला पुरेनात, की त्या वेगाला टायर तरंगू लागतो. कोइमतूरच्या वाटेवर ९० हा वेग काही वेडेपणाचा नव्हे. आणि खंडाळ्यापासून बेळगावच्या पुढपर्यंत जुलैत पाऊस काय असतो हे मी सांगायला नको.

दादा पटकन ऐकणाऱ्यांतला नव्हे. तेव्हा बाबांनी २००५ सालची गोष्ट काढली. ती त्यालाही पाठ होती, कारण तिच्यात त्याचा देव आहे. कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये नियम होता की पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत टायरांच्या एकाच संचावर करायची, मध्ये बदलायचा नाही. १९ जूनला इंडियानापोलिसला शर्यत. त्याआधी शुक्रवारच्या सरावात तिथल्या तेराव्या, तिरक्या भिंतीसारख्या वळणावर राल्फ शूमाकरच्या गाडीचा मागचा टायर फुटला. मिशेलिनने आपल्या संघांना सांगून टाकले, की या वळणावर हे टायर पूर्ण शर्यत टिकतील याची हमी आम्ही देत नाही. रविवारी २० गाड्या रांगेसाठीची फेरी मारायला निघाल्या आणि तिच्या शेवटी १४ गाड्या आत वळून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. लोकांनी हुर्यो उडवली. उरलेल्या सहांत कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाला मिळालेले ते पहिले गुण.

"म्हणजे नशीब!" मी म्हटले.

"म्हणजे टायर," दोघेही एकदम म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचे एकमत झाले ते एवढ्या एका शब्दावर.

एक मधला मार्ग होता. रस्त्यासाठी एक संच आणि ट्रॅकसाठी दुसरा, वेगळ्या डिस्कवर चढवलेला. जाणती माणसे तसेच करतात. पण दोन आसनांच्या गाडीत चार चाके ठेवायची कुठे? ती ट्रान्सपोर्टने पुढे पाठवायची, म्हणजे पुन्हा भाडे. शिवाय चार डिस्कची किंमत. एका संचाचीच किंमत लाखाच्या पुढे जात होती. आजीने ती ऐकली आणि हातातली सुपारी खाली ठेवून म्हणाली, "येवऱ्या पैशान तं गारी येल!" माझ्या तीन वर्षांच्या फीमध्ये त्यातला एक टायरही आला नसता, हा हिशेब मी मनातच ठेवला.

मऊ टायर विकला असता तर बाबांना फायदा होता. एक तर तो महाग, त्यातून तो लवकर झिजणार, म्हणजे गिऱ्हाईक लवकर परत. सख्खा पुतण्या हट्टाने पैसे पुढे करतो आहे आणि काका ते घेत नाही, असा तो देखावा होता. दादा चिडून म्हणाला, "तुम्ही नाही दिला तर अंधेरीला मिळेल." बाबा गप्प राहिले. त्या रात्री काकी आमच्याकडे आली. तिने टायरचे नावही घेतले नाही. "भावजी, तो परत आला पाहिजे, एवढं बघा," म्हणाली आणि चहा न घेता गेली. काका गेल्यापासून ती असे थोडक्यातच बोलते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दादाला दुकानातल्या कोपऱ्यात नेले. तिथे एका गाडीचा टायर पडला होता, बुजुर्ग, गुळगुळीत. बाजूला त्याच मापाचा नवा. बाबांनी दोन्हींखाली पाणी ओतले, दोन्ही दाबून फिरवले आणि खाली उमटलेला ओला ठसा दाखवला. एकाचे पाणी खाचांतून पसरले. दुसऱ्याचे पुढे ढकलले जाऊन पुढेच साचत राहिले. दादा बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. मग म्हणाला, "तीनशेवालेच लावा."

लावले. पुढचे अरुंद, मागचे रुंद, म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे असा आमचा नेहमीचा उपाय या गाडीला चालत नाही. झिजेल तो जागेवरच झिजणार. बाबांनी त्याला हवेचा गेज दिला आणि माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. ट्रॅकवर उतरण्याआधी थंड टायरात २८ पौंड; दर पाच-सहा अंश तापमानाला एकेक पौंड चढेल; बाहेर आल्याबरोबर मोजायचे; ३६ च्या वर गेले तर हवा काढायची; आणि परतीला निघताना थंड टायरात पुन्हा भरायची. शेवटच्या ओळीखाली त्यांनी मला दोन रेघा मारायला लावल्या.

दादा सहाव्या दिवशी आला. पाऊस त्याला जाताना साताऱ्याला आणि येताना धारवाडला लागला, ट्रॅकवर मात्र लख्ख ऊन. त्याच्याहून साध्या गाडीतला एकजण सेमी-स्लिकवर त्याला प्रत्येक वळणावर मागे टाकत होता, हे त्याने दोनदा सांगितले. काकीने गाडीकडे पाहिलेच नाही. त्याच्याकडे पाहिले आणि घरी भाकऱ्या टाकायला गेली.

बाबांनी गाडी जॅकवर घेतली. मागचे टायर सहा मिलिमीटर उरले होते. पुढच्यांची बाहेरची कड पाचवर आलेली, रबराच्या कण्या चिकटलेल्या. बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"हवा कमी ठेवली होतीस."

"शेवटच्या दोन फेऱ्यांना. सव्वीस."

"बाय, लिही," बाबा मला म्हणाले. मी वही ओढली. दादा बाकड्यावर बसून बूट काढत होता. चार डिस्क सेकंडहँड कुठे मिळतील, हे त्याने विचारले ते बाबांना नव्हे, मला.